आयसीटीचा रिपोर्ट कसा वाचायचा? आईच्या रक्तातल्या अँटिबॉडीची गोष्ट

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



गरोदर बाईची फाइल उघडली की पहिल्या काही कागदांतच रक्तगट सापडतो. तो निगेटिव्ह असला की मागोमाग आणखी एक तपासणी येते. तिचं नाव आयसीटी, म्हणजे इनडायरेक्ट कूम्ब्ज टेस्ट. काही लॅब तिला 'अँटिबॉडी स्क्रीन' म्हणतात, काही 'आयएटी' म्हणतात. नावं तीन, तत्त्व एकच. रिपोर्टच्या तळाशी एकच शब्द असतो: निगेटिव्ह किंवा पॉझिटिव्ह.

गोंधळ इथेच सुरू होतो. रक्तगट निगेटिव्ह आणि आयसीटीही निगेटिव्ह, म्हणजे दोन्हीकडे काहीतरी वाईट आहे का? की आयसीटी पॉझिटिव्ह आली म्हणजे रक्तगट बदलला? असे प्रश्न लोक विचारतात, आणि ते अगदी रास्त आहेत. एकच शब्द आपण दोन वेगळ्या अर्थांनी वापरतो, तर ऐकणाऱ्याने काय समजायचं? रक्तगटातला निगेटिव्ह म्हणजे लाल पेशीवर एक खूण नाही. आयसीटीतला निगेटिव्ह म्हणजे त्या खुणेविरुद्ध रक्तात अँटिबॉडी सापडली नाही. पहिला जन्मभराचा असतो, दुसरा फक्त त्या दिवशीच्या रक्ताचा.

आज मला सांगायचंय ते थोडक्यात असं. आयसीटीचा निकाल एकटा वाचायचा नसतो. पॉझिटिव्ह आलं तर चार गोष्टी विचारायच्या: अँटिबॉडी कोणती, ती आली कुठून, आहे किती आणि वाढतेय का? यातला 'आली कुठून' हा प्रश्न विचारायचा राहिला, तर एका बाईला मिळायलाच हवं होतं ते इंजेक्शन मिळत नाही. आणि त्याची किंमत तिच्या पुढच्या बाळाला मोजावी लागते. ते कसं, हे टप्प्याटप्प्याने बघू.

खूण आणि तिचा शत्रू

लाल पेशीच्या पृष्ठभागावर निरनिराळ्या खुणा असतात. त्यांना अँटिजेन म्हणतात. ए आणि बी या खुणा आपल्या ओळखीच्या, कारण त्यांवरून ए, बी, एबी, ओ हे गट पडतात. त्यातले ए, बी आणि ओ कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला व्हिएन्नात शोधले. याशिवाय आरएच नावाचं एक मोठं कुटुंब आहे. त्यातली सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे 'डी'. डी आहे तो पॉझिटिव्ह, नाही तो निगेटिव्ह. भारतात शंभरात साधारण पाच माणसं निगेटिव्ह असतात. युरोपीय वंशाच्या लोकांत हेच प्रमाण पंधराच्या आसपास जातं.

आता एक फरक नीट लक्षात ठेवा. ए आणि बी विरुद्धच्या अँटिबॉडी आपल्या रक्तात लहानपणापासून आपोआप असतात. डी विरुद्धची अँटिबॉडी तशी नसते. निगेटिव्ह माणसाच्या अंगात डी असलेल्या पेशी गेल्या, तरच ती बनते. त्या जाण्याच्या मुख्य वाटा दोन. एक, चुकीचं रक्त चढवलं गेलं तर. दुसरी, गरोदरपण.

आई निगेटिव्ह, वडील पॉझिटिव्ह असले तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. आईचं आणि बाळाचं रक्त वारेत शेजारीशेजारी वाहतं, पण एरवी फारसं मिसळत नाही. बाळंतपणाच्या वेळी मात्र वार सुटते आणि बाळाचं थोडं रक्त आईकडे जातं. कधी अर्धा चमचाही नसतं, पण तेवढं पुरतं. आईच्या शरीराला ही खूण परकी वाटते आणि ते तिच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवायला शिकतं. हे शिकणं सावकाश होतं. त्यामुळे पहिलं बाळ बहुतेक वेळा सुखरूप सुटतं.

दुसऱ्या वेळी शरीर तयारीत असतं. आता बनते ती आयजीजी प्रकारची अँटिबॉडी. ती आकाराने लहान असते, पण महत्त्वाचं म्हणजे वार स्वतःहून तिला उचलून बाळाकडे पोहोचवते. एरवी ही फार चांगली सोय आहे. आईने आयुष्यभरात जमवलेलं रोगांविरुद्धचं संरक्षण बाळाला याच वाटेने मिळतं. पण त्याच वाटेने ही अँटिबॉडी गेली की ती बाळाच्या लाल पेशींवर चिकटते आणि त्या पेशी फुटायला लागतात. बाळाला पोटातच पंडुरोग होतो. फार वाढला तर अंगावर पाणी चढतं, हृदय थकतं, बाळ दगावतं. जन्माला आलं तर तीव्र कावीळ होते, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर त्या काविळीने मेंदूला इजा होते.

ही गोष्ट कशी उलगडली? १९३९ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि रूफस स्टेट्सन यांनी एका बाईची नोंद प्रसिद्ध केली. तिचं बाळ पोटातच गेलं होतं. रक्तस्राव झाला म्हणून तिला नवऱ्याचं रक्त दिलं. दोघांचाही गट ओ, म्हणजे तेव्हाच्या समजुतीप्रमाणे रक्त जुळत होतं. तरी तिला जोराची रिअ‍ॅक्शन आली. तिच्या रक्तात नवऱ्याच्या पेशींविरुद्ध काहीतरी होतं. लेव्हिन-स्टेट्सन यांचा तर्क असा, की बाळाला वडिलांकडून मिळालेली एखादी खूण आईला परकी वाटली असणार. पुढच्याच वर्षी लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी आरएचचा शोध जाहीर केला, आणि कोडं सुटत गेलं.

दिसत नाही ते दिसायला लावायचं

पण एक अडचण होती. अनेक आयांची बाळं आजारी, आणि त्यांच्या रक्तात अँटिबॉडी मात्र दिसत नव्हती. काचेवर पेशी आणि आईचं रक्तद्रव्य एकत्र केलं की गुठळ्या व्हायला हव्यात. त्या होत नव्हत्या.

कारण असं. लाल पेशी एकमेकींना ढकलतात, त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. आयजीएम नावाची अँटिबॉडी मोठी असते, ती एका हाताने एक आणि दुसऱ्या हाताने दुसरी पेशी सहज धरते, म्हणून गुठळी होते. आयजीजीचे हात आखूड. ती पेशीवर बसते, पण दुसऱ्या पेशीपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे पेशीवर अँटिबॉडीचा थर बसलेला आहे आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही.

१९४५ साली केंब्रिजच्या रॉबिन कूम्ब्ज यांनी आर्थर मूरंट आणि रॉबर्ट रेस यांच्याबरोबर यावर तोड काढली. कूम्ब्ज मुळात पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलेले. कल्पना अशी, की माणसाच्या अँटिबॉडीला पकडणारी दुसरी अँटिबॉडी वापरायची. माणसाचं रक्तद्रव्य सशाला टोचलं की ससा त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतो. ती घातली की तिचा एक हात या पेशीवरच्या अँटिबॉडीला धरतो, दुसरा हात त्या पेशीवरच्या. मध्ये पूल तयार होतो आणि गुठळी दिसते. हेच तत्त्व कार्लो मोरेस्की यांनी १९०८ सालीच मांडलं होतं, पण ते विस्मरणात गेलं होतं.

या तपासणीचे दोन प्रकार आहेत. बाळाच्या पेशींवर अँटिबॉडी आधीच बसली आहे का, हे थेट बघायचं ती डायरेक्ट, म्हणजे डीसीटी. आईच्या रक्तद्रव्यात अँटिबॉडी मोकळी फिरतेय का, हे बघायचं ती इनडायरेक्ट, म्हणजे आयसीटी. डीसीटीमध्ये आपण पेशी तपासतो, आयसीटीमध्ये रक्तद्रव्य. फाइलमध्ये दोन्ही सापडतील. आयसीटी आईची असते, डीसीटी बहुधा बाळाची, जन्मानंतर नाळेच्या रक्तावर केलेली.

आयसीटी करताना आईचं रक्तद्रव्य घेतात, त्यात माहितीतल्या लाल पेशी घालतात, ३७ अंशांवर म्हणजे अंगाच्या उबेला ठेवतात. मग पेशी धुऊन कूम्ब्जचं द्रावण घालतात. आता बऱ्याच ठिकाणी जेल कार्ड वापरतात. त्यात धुण्याची गरज नसते. पेशी सुट्या असतील तर कार्डाच्या तळाशी जाऊन बसतात, गुठळी असेल तर वरच अडकतात. किती वर अडकल्या त्यावरून १ प्लस ते ४ प्लस अशी प्रत देतात.

'माहितीतल्या पेशी' म्हणालो, ते महत्त्वाचं आहे. चांगल्या लॅबमध्ये दोन किंवा तीन वेगवेगळ्या दात्यांच्या, ओ गटाच्या पेशी वापरतात. त्यांवर कोणकोणत्या खुणा आहेत याचा तक्ता बरोबर येतो. ओ गटाच्याच का? कारण त्यांवर ए आणि बी नसतात, त्यामुळे आईच्या नेहमीच्या अँटिबॉडी मध्ये येत नाहीत. म्हणून निगेटिव्ह रिपोर्टचा नेमका अर्थ असा: आज, या पेशींवर असलेल्या खुणांविरुद्ध, आमच्या पद्धतीने दिसेल एवढी अँटिबॉडी सापडली नाही. 'कधीच नव्हती' किंवा 'कधीच होणार नाही' असं तो सांगत नाही.

पॉझिटिव्ह आलं तर चार प्रश्न

पहिला प्रश्न: कोणती? स्क्रीनिंग म्हणजे चाळणी. ती फक्त 'काहीतरी आहे' एवढंच सांगते. पुढे मोठ्या पॅनेलवर, बहुधा अकरा किंवा जास्त प्रकारच्या पेशींवर तपासून नाव काढावं लागतं. डी विरुद्ध असली तर अँटी-डी. पण सी, ई, केल अशा इतर खुणाही असतात. इंग्रजी लहान सी या खुणेविरुद्धची आणि केलविरुद्धची अँटिबॉडी बाळाला गंभीर त्रास देऊ शकते, आणि त्या आरएच पॉझिटिव्ह बाईलाही होऊ शकतात. उलट, लुईस नावाच्या खुणेविरुद्धची अँटिबॉडी गरोदरपणात बऱ्याचदा सापडते आणि बाळाला सहसा काहीच करत नाही. तेव्हा नाव कळेपर्यंत ना घाबरायचं, ना निश्चिंत व्हायचं.

दुसरा प्रश्न: कुठून आली? यावर थोडं पुढे सविस्तर बोलतो, कारण आजच्या विषयाचं मर्म तेच आहे.

तिसरा प्रश्न: किती? याला टायटर म्हणतात. कोकम सरबताचं उदाहरण घ्या. एका पेल्यात सरबत आहे. त्यातलं अर्धं दुसऱ्या पेल्यात घेऊन तेवढंच पाणी घातलं, त्यातलं अर्धं तिसऱ्यात घेऊन पुन्हा तेवढंच पाणी. असं करत गेलं की रंग फिका होत जातो. कितव्या पेल्यापर्यंत रंग दिसतो, ते मोजायचं. लॅबमध्ये रक्तद्रव्य असंच निम्मं निम्मं पातळ करतात: २, ४, ८, १६, ३२, ६४. शेवटची गुठळी १६ पट पातळ केल्यावर दिसली, तर टायटर १६. अँटी-डीसाठी बहुतेक ठिकाणी १६ किंवा ३२ हा सावध होण्याचा आकडा धरतात. केलच्या बाबतीत हा आकडा फसवा असतो. ती अँटिबॉडी पेशी फोडते, शिवाय नव्या पेशी बनणंही रोखते, म्हणून कमी टायटरलाही लक्ष ठेवावं लागतं.

चौथा प्रश्न: वाढतेय का? एका पेल्याचा फरक, म्हणजे ८ चे १६ झाले, तर तो तपासणीतल्या सहज चढउताराचाही असू शकतो. दोन पेले वाढले, ८ चे ३२ झाले, तर ती वाढ खरी धरायची. पण तुलना एकाच लॅबमधल्या, एकाच पद्धतीच्या आकड्यांची करावी. नळीतल्या पद्धतीचा आकडा आणि जेल कार्डाचा आकडा शेजारी ठेवून 'वाढलं' म्हणणं बरोबर नाही. चांगली लॅब आधीचा नमुना गोठवून ठेवते आणि दोन्ही बरोबरच तपासते. लॅब बदलायची असेल तर हे डॉक्टरांशी बोलून बदला.

इंजेक्शनची अँटिबॉडी आणि स्वतःची अँटिबॉडी

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. निगेटिव्ह बाईला अँटी-डीचं इंजेक्शन देतात, हे अनेकांना ठाऊक आहे. पण त्या इंजेक्शनात काय असतं? त्यात असते तयार अँटी-डी अँटिबॉडी! जी बनू नये म्हणून सगळी धडपड, तीच आपण टोचतो. ऐकायला उलटं वाटतं. पण तत्त्व असं, की बाळाच्या ज्या थोड्या पेशी आईकडे गेल्या, त्या आईच्या शरीराने नीट ओळखण्याआधीच निकालात निघतात. मग आईचं शरीर स्वतः शिकतच नाही. ही प्रतिक्रिया नेमकी कशी दबते याच्या बारकाव्यांवर शास्त्रज्ञांत अजून चर्चा आहे, पण इंजेक्शन काम करतं याबद्दल वाद नाही. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आणि इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला ते स्वतंत्रपणे विकसित झालं, आणि १९६८ साली अमेरिकेत वापरात आलं. ज्यांच्या रक्तात अँटी-डी आहे अशा दात्यांच्या प्लाझ्मातून ते बनवतात. अशा दात्यांपैकी एक, ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांनी साठ वर्षांहून जास्त काळ, अकराशेहून अधिक वेळा रक्तदान केलं.

परिणाम किती? आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह आणि दोघांचा एबीओ गट जुळणारा, अशा शंभर बायकांत काहीच केलं नाही तर साधारण सोळाजणींच्या शरीरात अँटी-डी बनते. बाळंतपणानंतर ७२ तासांत इंजेक्शन दिलं तर हे प्रमाण एक-दोनवर येतं. गरोदरपणाच्या २८ व्या आठवड्यातही दिलं तर हजारात एक ते तीन. औषधशास्त्रात एवढा स्वच्छ फायदा फार थोड्या गोष्टींचा आहे.

पण हे इंजेक्शन पाटी कोरी असेपर्यंतच उपयोगी. आईचं शरीर एकदा शिकलं की ते पुसता येत नाही. म्हणूनच आधी आयसीटी करायची. निगेटिव्ह आली तर इंजेक्शनाची वेळ अजून गेलेली नाही. आपल्याला नकोसा वाटणारा 'निगेटिव्ह' हा शब्द इथे फार आनंदाचा आहे.

आता गुंता बघा. २८ व्या आठवड्यात ३०० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन घेतलं. त्यातली अँटिबॉडी साधारण तीन आठवड्यांत निम्मी होते. तीन आठवड्यांनी १५०, सहा आठवड्यांनी ७५, नऊ आठवड्यांनी ३७, आणि बारा आठवड्यांनी, म्हणजे ४० व्या आठवड्यात, बाळंतपणाच्या सुमारास, १८-१९ मायक्रोग्रॅम. तेवढीही आयसीटीत कधीकधी दिसते. रिपोर्ट येतो: 'आयसीटी वीकली पॉझिटिव्ह, अँटी-डी'.

आणि आपल्याकडची रीत काय? पहिलं बाळंतपण माहेरी. समजा, बाई राहते पुण्यात. तपासण्या पुण्यात, २८ व्या आठवड्यातलं इंजेक्शन पुण्यात. आठव्या-नवव्या महिन्यात ती माहेरी गेली, दुसऱ्या जिल्ह्यात. फाइल गेली, पण इंजेक्शनाची चिठ्ठी पुण्यातच राहिली. बाळ झालं, पॉझिटिव्ह. तिथे आयसीटी केली, पॉझिटिव्ह आली. तिथल्या लॅबला, डॉक्टरांना आधीचं इंजेक्शन माहीत नाही. सरळ तर्क असा होतो, की हिच्या शरीरात अँटिबॉडी आधीच बनली आहे, आता इंजेक्शनाचा उपयोग नाही. आणि बाळंतपणानंतरचं इंजेक्शन दिलं जात नाही.

ज्या बाईची पाटी कोरी होती, तिच्यावर आपण 'लिहिलेली' असा शिक्का मारला. ७२ तास निघून गेले. बाळंतपणात सगळ्यात जास्त रक्त मिसळतं आणि नेमकं त्याच वेळी ती विनासंरक्षण राहिली. याचा परिणाम आत्ता काहीच दिसत नाही. बाळ छान, आई छान. तो दिसतो दोन-तीन वर्षांनी, पुढचे दिवस गेल्यावर.

मग फरक कसा ओळखायचा? सगळ्यात खात्रीचा पुरावा लॅबमध्ये नसून कागदावर आहे: इंजेक्शन कधी दिलं, किती दिलं. शिवाय इंजेक्शनाची अँटिबॉडी फिकी असते, टायटर बहुधा ४ च्या वर जात नाही, आणि आठवड्यांगणिक कमी होत जाते. स्वतःची अँटिबॉडी टिकते किंवा वाढते. २८ व्या आठवड्याचं रक्त इंजेक्शन देण्याच्या आधी काढायचं, ते याचसाठी. नंतर काढलं तर आपणच घातलेली अँटिबॉडी आपल्याला सापडते. आणि शंका राहिलीच तर? अँटिबॉडी तिची स्वतःची आहे हे सिद्ध होत नाही तोवर इंजेक्शन द्यायचं, हाच सर्वमान्य नियम आहे. गरज नसताना एक इंजेक्शन दिलं तर फारसं बिघडत नाही. गरज असताना राहिलं तर परत येता येत नाही.

याच इंजेक्शनामुळे बाळाची डीसीटीही कधी फिकी पॉझिटिव्ह येते. बाळाला पंडुरोग नसेल, कावीळ नसेल, तर तेवढ्यावरून घाबरायचं नाही.

इंजेक्शन फक्त बाळंतपणानंतरच नसतं, हेही लक्षात ठेवा. गर्भपात, नळीतला गर्भ, गरोदरपणात अंगावरून रक्त जाणं, पोटाला जोराचा मार, गर्भजलाची तपासणी, या सगळ्यांत बाळाचं रक्त आईकडे जाऊ शकतं. पहिल्या १२ आठवड्यांतल्या गर्भपाताबाबत वेगवेगळ्या मार्गदर्शक सूचनांत फरक आहे, पण 'माझा गट निगेटिव्ह आहे, मला इंजेक्शन लागेल का?' हा प्रश्न दर वेळी विचारायचाच. गर्भपाताबद्दल घरात कुणी बोलत नाही, तो फाइलवर येत नाही, आणि मग 'पहिलटकरणीला अँटिबॉडी कशी?' असा प्रश्न पडतो. डॉक्टरांपासून हे लपवू नका, एवढीच विनंती.

ओ म्हणून आले आणि ओ निघाले नाहीत

अँटिबॉडी स्क्रीन दुसऱ्या एका ठिकाणीही कामाला येते, रक्तपेढीत. याचं एक उदाहरण थेट मुंबईचं आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक नवा रक्तगट नोंदवला. तोच आज जगभर 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो. त्या निबंधाच्या लेखकांत रॉबर्ट रेसही होते, कूम्ब्ज यांचे १९४५ चे सहकारी.

या लोकांचा गट नेहमीच्या तपासणीत ओ दिसतो. पण ओ गटाच्या पेशींवर असणारी एच नावाची मूळ खूणच त्यांच्याकडे नसते, आणि एचविरुद्ध जोरकस अँटिबॉडी असते. त्यांना ओ रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं. ओळखायचं कसं? अँटिबॉडी स्क्रीनमधल्या सगळ्या पेशी ओ गटाच्या असतात, त्यामुळे सगळ्याच्या सगळ्या ठळक पॉझिटिव्ह येतात, आणि त्यांच्या स्वतःच्या पेशी मात्र निगेटिव्ह. इथेही तेच: 'पॉझिटिव्ह' हा शब्द पुरत नाही, कुठल्या पेशींबरोबर पॉझिटिव्ह ते बघावं लागतं.

खरंच पॉझिटिव्ह असेल तर

अँटिबॉडी आईची स्वतःचीच निघाली, तर पुढे काय? सगळं संपलं असं मुळीच नाही. आधी बाळाच्या वडिलांचा गट बघतात. तेही निगेटिव्ह असतील तर बाळ निगेटिव्हच, अँटी-डीचा धोका नाही. ते पॉझिटिव्ह असले तरी त्यांच्याकडे डीची एकच प्रत असेल, तर बाळ निगेटिव्ह असण्याची शक्यता निम्मी असते.

टायटर सावधतेच्या आकड्यापर्यंत गेलं की आयसीटीचं काम बरंचसं संपतं आणि डॉपलर सोनोग्राफीचं सुरू होतं. बाळाच्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीतला रक्ताचा वेग मोजतात. पंडुरोगात रक्त पातळ होतं आणि वेगाने धावतं. त्या आठवड्याच्या सरासरी वेगाच्या दीडपट वेग झाला, तर पंडुरोग बराच असल्याची शंका घेतात. मग गरज पडली तर पोटातल्या बाळालाच रक्त देतात. १९६३ साली न्यूझीलंडच्या विल्यम लायली यांनी हे पहिल्यांदा करून दाखवलं. आता सोनोग्राफीत बघत नाळेतल्या शिरेतून रक्त देतात. हे अनुभवी केंद्रातच होतं, म्हणून वेळेत तिथे पोहोचणं महत्त्वाचं.

निवडक प्रश्नोत्तरं

प्रश्न: डॉक्टर, आयसीटी पॉझिटिव्ह म्हणजे हा संसर्ग आहे का? घरात कुणाला होईल का?

नाही. जंतूंचा इथे काहीच संबंध नाही. भांडी, कपडे, स्पर्श, कशानेही पसरत नाही. त्या बाईला स्वतःलाही याचा त्रास नसतो. पुढे कधी रक्त घ्यावं लागलं तर आणि गरोदरपणात, या दोनच वेळी महत्त्व.

प्रश्न: औषधाने पॉझिटिव्हची निगेटिव्ह होते का?

शिकलेलं शरीर विसरत नाही. काही वेळा बऱ्याच वर्षांनी अँटिबॉडी इतकी कमी होते की तपासणी निगेटिव्ह येते. पण त्या खुणेचं रक्त पुन्हा अंगात गेलं की काही दिवसांतच ती उसळून येते आणि चढवलेलं रक्त फुटतं. म्हणून जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट नव्या निगेटिव्हपेक्षा मोलाचा असतो. वारंवार रक्त घ्यावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांच्या पालकांनी तर तो जपून ठेवावाच.

प्रश्न: ७२ तास उलटून गेले तर इंजेक्शन घ्यायचं की नाही?

७२ तासांच्या आत घेणं उत्तम. राहून गेलंच तर 'आता काय उपयोग' म्हणून सोडू नका, लगेच डॉक्टरांना विचारा. दहा दिवसांपर्यंत दिल्यानेही काही संरक्षण मिळू शकतं.

प्रश्न: आमच्याकडे सुनेचा गट निगेटिव्ह निघाल्यावर लग्नाच्या वेळी का नाही सांगितलं, असं झालं...

हे फार ऐकायला मिळतं. निगेटिव्ह गट हा दोष नाही, आजार नाही. पॉझिटिव्ह आईवडिलांच्या पोटीही निगेटिव्ह मूल जन्मतं. आणि बाळाला जी खूण आईच्या शरीराला परकी वाटते, ती येते वडिलांकडून! तेव्हा यात कुणाला बोल लावायचाच नाही. गट आधी कळला तर इंजेक्शन वेळेवर मिळतं, एवढाच त्याचा उपयोग.

शेवटी, घरी जाऊन करायचं एक काम सांगतो. घरात निगेटिव्ह गटाची कुणी गरोदर असेल तर तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत, तीन ओळी लिहा. आयसीटी कधी झाली आणि निकाल काय. अँटी-डी इंजेक्शन कोणत्या तारखेला दिलं आणि किती मायक्रोग्रॅम. आधी गर्भपात किंवा रक्त चढवणं झालं असेल तर कधी. त्या पानाचा फोटो तिच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. माहेरी जाताना बॅगेत बाळाच्या कपड्यांबरोबर ती फाइल जाऊ द्या.